रशियन कादंबऱ्यांतल्या बायका माफ का करतात?

माझी अक्का वैजापूरहून माहेरी आली तेव्हा तिच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. दाजींनी कुकरच्या झाकणानं मारलं होतं. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बैठक घेऊन ठरवलं, कान बरा होईपर्यंत राहू द्या, मग नांदायला पाठवा. जणू स्कूटर गॅरेजात टाकलीय.

घरात कुढत बसेल म्हणून मी तिला अभ्यासमंडळात न्यायला लागले. आम्ही पत्रकं लिहिणारी, मोर्चे काढणारी पोरं. रविवारी दुपारी छावणीतल्या एका रिकाम्या गाळ्यात जमून रशियन कादंबऱ्या मोठ्यानं वाचतो. मंडळ चालवणाऱ्या सरांचा नियम असा की ज्याची पाळी त्यानं प्रकरण संपेपर्यंत थांबायचं नाही, आणि ऐकणाऱ्यानं मधे तोंड उघडायचं नाही.

अक्काला चटक लागली. भाकरी थापतानाही पुस्तक शेजारी, पानांवर पीठ. एकदा म्हणाली, "ए, ह्या रशियातल्या बाया एक तर मरत्यात, नायतर माफ करत्यात. तिसरं काय नाय का गं?"

मी तिला आजकालच्या एका रशियन बाईची कादंबरी आणून दिली, हिंदीतली. तिच्यात मार पंचनाम्यासारखा लिहिलाय. कुठं लागलं, कशानं लागलं, बस. शेवटी कुणाचं मन शुद्ध होत नाही. अक्का म्हणाली, "ही बरीय. ही डोळे पुसत नाय बसत."

मग जुन्या कादंबरीच्या वाचनात तिची पाळी आली. प्रकरण नेमकं ते. गाडीवान बायकोला बर्फात लगामानं फोडतो, दात पडेपर्यंत, आणि ती त्याच्याच बुटांना मिठी मारते. अक्का वाचत गेली. आवाज फाटला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी वाचत गेली. मी उठले तर सरांनी हातानं खूण करून मला खाली बसवलं.

प्रकरण संपलं आणि टाळ्या पडल्या. टाळ्या! सर डोळे पुसत म्हणाले, "याला म्हणतात वाचन! दुःखानं माणूस शुद्ध कसा होतो, ते आज दिसलं."

पोलिसांच्या लाठ्या खाल्लेली माणसं ही. अन्यायावर बोलायला लागली की थांबत नाहीत. समोरची बाई रडतीय ती पुस्तकासाठी, असं यांना वाटलं!

"सर, तिचा कान बघा! नवऱ्यानं फोडलाय!" मी ओरडले.

कोपऱ्यातला आमचा पोस्टरवाला पुटपुटला, "मेरेकू लगा, अ‍ॅक्टिंग कर रईं."

"आधी सांगायचं ना," सर म्हणाले. वर अक्काला विचारतात, "तुमचं काय मत, ताई? त्या बाईनं माफ केलं ते बरोबर?"

अक्का तोंड उघडणार तेवढ्यात दाजी दारात. आईनं पत्ता दिला होता. दाजी म्हणायला जीभ रेटत नाही, पण सवय. आत आला, अक्काची वेणी मनगटाला गुंडाळली आणि ओढलं. "चल. लई झाली पुस्तकं."

"हे बघा, आपण बसून बोलू," सर म्हणाले.

अक्कानं त्याच्या हाताचा चावा घेतला. सोडलाच नाही. तो दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर बुक्क्या मारत होता, दोघांचं रक्त तिच्या हनुवटीवर. मी शटर ओढायची सळई घेतली आणि त्याच्या नडगीवर घातली. तो बसला. मी पुन्हा घातली. मंडळानं धरलं ते मला! फक्त पोस्टरवाला त्याच्या छातीवर बसला आणि ओरडला, "मेरी भैन को हात लगाता रे?"

ठाण्यात तक्रार घ्यायला हवालदार तयार नव्हता. अक्का बाकावरून उठली नाही, शेवटी त्याला लिहून घ्यावं लागलं. सर साक्षीला आले नाहीत. मंडळाचं नाव खराब होईल, म्हणे.

पुढच्या आठवड्यात सामान आणायला पोलीस घेऊन वैजापूरला गेलो. तो आतल्या खोलीत पालथा पडून हुंदके देत होता. सासूनं अक्काचे पाय धरले. "माफ कर गं बाई. पोरगं माझं जेवलं नाय, नुस्तं रडतंय."

अक्कानं पाय सोडवून घेतले, पेटी उचलली.

"रडू द्या," म्हणाली.