गव्हाणीवरचा प्रोजेक्टर

थिएटरात मी पहिला सिनेमा पाहिला तो लग्नानंतर, ह्यांच्याबरोबर. माझं माहेर चंदगडकडचं, डोंगरातलं. शाळा चौथीपर्यंत झालेली. पडद्यावरचं भराभर हिंदी मला उमगत नव्हतं, म्हणून हे कानाशी वाकून सांगत होते. पण ह्यांचं कानात सांगणं म्हणजे चार रांगांना ऐकू जाणारं. "आता बघ, त्यो परत येणार. अगं, त्यो पोलीस न्हाय, सोंग घेतलंय त्येनं." शेवटी मागून एकजण ओरडला, "ओ पावणं, आमास्नीबी डोळं हायत की!" मी पदरात तोंड लपवलं. हे मात्र मागं वळून म्हणाले, "तुमास्नी कोण सांगतंय? हिला कळत न्हाय म्हणून हिला सांगतोय."

पुढं घरात टीव्ही आला तरी ह्यांचं सांगणं चालूच राहिलं. मला सगळं कळायला लागलं तरी चालू राहिलं. निम्मं चुकायचं. ज्याला हे चोर म्हणायचे तो शेवटी नायिकेचा बाप निघायचा. "गप बसा की," असं मी कितीदा म्हटलं असेन.

मग ते आपोआप बंद झालं. हे फौंड्रीत होते. ओतून आलेला माल ग्राइंडरवर घासून साफ करायचा, हे काम. दिवसभर तो आवाज. कान एका दिवसात गेले नाहीत, हळूहळू गेले. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं, पण त्यातून आधी भांड्यांचा खणखणाट ऐकू यायचा आणि माणूस मागाहून. ते डबीतच राहिलं. "आवाज येतोय गं," हे मला एकदा म्हणाले, "शब्द येत न्हाईत."

घरात चारजण बसून हसले की हे विचारायचे, "काय?" हसण्यासारखं जे असतं ते परत ओरडून सांगितलं की त्यात हसण्यासारखं काही उरत नाही. म्हणून सगळे म्हणायचे, "काय न्हाय." हे दोन शब्द मात्र ह्यांना बरोबर कळायचे. ओठांवरून कळत असतील. मग हे पायात चप्पल घालायचे आणि कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. तिथं कुणी बोललं नाही तरी चालतं. टीव्हीसमोर तर बसायचंच सोडलं.

मला हे परत घरात, माझ्या शेजारी, बडबड करत हवे होते. एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. चार माणसांत मला बोलायला जमत नाही. पण मनात एखादी गोष्ट बसली की ती मी करते.

माझ्याकडं जागा होती. म्हशी विकल्यापासून मागचा गोठा रिकामा होता. खाली फरशी, वर पत्रा, एका बाजूला सिमेंटची गव्हाण. तिथं बसून मी वाकळा शिवते. लोक जुनी लुगडी, साड्या, धोतरं आणून देतात, मी थरावर थर घालून धावदोरा घालते. त्याचे थोडे पैसे साठले होते. मी विचार केला, टीव्हीवर माणसाचं तोंड वाटीएवढं दिसतं. तेच तोंड दाराएवढं दिसलं तर ह्यांना ओठ दिसतील. आणि आवाज समोरून, मोठ्या खोक्यातून आला तर शब्दही येतील.

शहरात एक दुकान आहे, जुन्या मशिनी दुरुस्त करून विकतात. बाहेर 'होम थिएटर' अशी पाटी. त्या पाटीखालून मी आधी दोनदा तशीच पुढं गेले होते. तिसऱ्यांदा आत शिरले. मालक माझ्या भावाच्या वयाचा असेल. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि काही विचारायच्या आत बटण दाबलं. असं दणाणलं की माझ्या हातातली पिशवी थरथरली.

"बघा वैनी! छाती हलली का न्हाई?"

"हलली," मी म्हटलं. "पण हे नको."

"मग ह्याच्यापेक्षा मोठं देतो की. मिरवणुकीला चालतंय असलं."

"त्यात माणसं बोलतात का?"

"म्हंजे?"

"मला धडधड नको. माणूस बोललेला कळला पाहिजे. आमच्यात एकाला कमी ऐकू येतं."

त्यानं ते मोठं बंद केलं. "आजपतूर एकाबी गिऱ्हाइकानं असं मागितलं न्हाई बघा," म्हणाला, आणि मागं जाऊन धूळ बसलेलं एक आडवं खोकं घेऊन आला. त्यात बाईचं बोलणं लावलं. खणखणीत, जसं काही दुकानातच कुणी उभं राहून बोलतंय. "हे पडद्याखाली बरोबर मधी ठेवायचं. सिनेमातलं बोलणं ह्यातनंच येणार. बाजूला ही दोन बारकी. बाकी काय घेऊ नका, उगंच पैसे जातील." प्रोजेक्टर एका बंद पडलेल्या शिकवणीच्या वर्गातला होता. कडेला थोडा फुटलेला, पण दिवा नवा घातलेला. भाव काही जुळेना. मी उठणार तेवढ्यात त्यानं विचारलं, मी काय काम करते. मी सांगितलं.

"माझ्या आईला एक वाकळ द्याल शिवून? गडहिंग्लजला असती ती. दुकानातलं ब्लँकेट अंगाला लागत न्हाई म्हणती."

तिथं भाव जुळला.

पडदा मी घरीच केला. मधोमध शिवण आली तर माणसाच्या नाकावरून जाणार, म्हणून मोठ्या पन्ह्याचं पांढरं कापड घेतलं. ते धुतलं. खळ दिली. आणि पांढऱ्या कापडाला द्यायची म्हणून चांगली सढळ हातानं नीळ दिली. कडक इस्त्री केली. भिंतीवर ताणून लावलं तेव्हा ते इतकं शुभ्र दिसत होतं की मला माझंच कौतुक वाटलं. प्रोजेक्टर फळीवर, फळी गव्हाणीवर. पलीकडं लोखंडी कॉट, तिच्यावर गादी.

जाऊबाई शेजारच्याच घरात राहतात. मी त्यांना अक्का म्हणते. दारात उभं राहून त्यांनी सगळं न्याहाळलं. "म्हसरं गेली आनि सिनेमा आला! तिकीट किती लावलंयस गं? आनि वैरण कुटं टाकायची?"

"बसा अक्का," मी म्हटलं. "तुम्हाला फुकट."

दुपारची जेवणं झाल्यावर खिडकीला पोतं लावून पहिला खेळ सुरू केला. ह्यांना हाताला धरून आणलं होतं. पडदा उजळला आणि त्यावर नायिका आली. तिचे गाल निळे, हात निळे. पाठोपाठ तिची आई आली, तीही निळी.

"अगं बया!" अक्का म्हणाल्या. "ह्या घरात सगळ्यांस्नी साप चावलाय काय?"

मला हसू आवरेना. अक्का तर डोळे पुसत होत्या. ह्यांनी आमच्याकडं पाहिलं.

"काय?"

"काय न्हाय," अक्का म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. सवयीनं म्हणाल्या.

निळी तोंडं तरी चालली असती. आवाजाचं त्याहून वाईट झालं होतं. दुकानात खणखणीत बोलणारी बाई इथं विहिरीतून बोलल्यासारखी वाटत होती. एक शब्द पत्र्यावर आपटून खाली यायचा तोवर दुसरा निघालेला. मलाच नीट कळत नव्हतं. मी आवाज वाढवला, तशी पत्र्यावरच्या खिळ्यांचीही खळखळ सुरू झाली. हे थोडा वेळ बसले. पुढं वाकून बसले. मग उठले.

"चांगलं केलंयस," म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, हे मला कळलं. "आवाज येतोय भरपूर." आणि चप्पल घालून कट्ट्याकडं गेले.

पडद्याची नीळ मी उकळत्या पाण्यानं काढली. आवाजाचं काय करायचं ते सुचत नव्हतं. दुकानात जाऊन सामान परत करावं, असं एकदा मनात आलं. पण परत करायला गेले असते तर हे पुन्हा कधी माझ्या शेजारी बसले नसते, म्हणून नाही गेले. सगळं कापडाखाली झाकून ठेवलं आणि शिवणकामाला बसले.

तेव्हा आमच्याकडं पावसाची झड लागली होती. उसवून पुन्हा शिवायला आलेल्या जुन्या वाकळा मी धुतल्या होत्या आणि बाहेर वाळत घालायची सोय नव्हती. म्हणून गोठ्यातच ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून त्यावर टाकल्या. सगळ्या बाजूंनी वाकळाच वाकळा. मी मधे खाली बसून सुईत दोरा ओवत होते. हे दारात आले. माझं लक्ष सुईकडं. मान वर न करता, नेहमीच्या बारीक आवाजात, मी म्हटलं, "चहा ठेवू काय?"

"ठेव की. आलं घाल."

मी उठलेसुद्धा. दोन पावलं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. घरात ह्यांना चहाचं विचारायचं तर समोर जाऊन, हातानं कप दाखवून विचारावं लागतं. मी वळले. हे एका वाकळेची किनार चाचपत उभे होते. त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. मी मुद्दाम वाकळेआड गेले, तोंड दिसणार नाही अशी, आणि म्हटलं, "साखर कमी घालू?"

"का म्हणून? घाल की नेहमीएवढी."

मग मी टाळी वाजवून पाहिली. आधी गोठ्यात टाळी वाजवली की ती पत्र्याला जाऊन परत यायची. आता जिथल्या तिथं विरली. वाकळांनी ती खाऊन टाकली होती. मला त्यातलं शास्त्र ठाऊक नाही. पण थर कसे घालायचे ते ठाऊक आहे.

लोकांच्या वाकळा लोकांना द्यायच्याच होत्या. स्वतःच्या शिवायला घरात तेवढी जुनी लुगडी नव्हती. होते ते ह्यांचे फौंड्रीतले कपडे. जाड खाकी शर्ट आणि पँटी, ठिणग्यांनी बारीक बारीक भोकं पडलेल्या. पुसायला होतील म्हणून पेटीत भरून ठेवल्या होत्या. त्या उसवल्या, आत पोत्याचे थर घातले आणि शिवायला घेतल्या. सुई बोटाला लागायची इतकं कापड जाड. ह्यांनी पाहिलं, विचारलं, "ही कुणाची ऑर्डर?" मी माझ्याकडं बोट केलं. वाकळा शिवून झाल्या त्या दिवशी हे हातोडी आणि खिळे घेऊन आले. दोन बाजूच्या भिंतींवर लावल्या. मागच्या भिंतीवर लावली. पत्र्याखालीसुद्धा दोऱ्यांवर टाकल्या. छतासाठी एक कमी पडली. मी अक्कांकडं मागायला गेले नव्हते. त्याच त्यांची जुनी वाकळ काखेत मारून आल्या. "मांडव घातलायस तर पुरा तरी घाल," म्हणाल्या. "आनि ह्या खेपेला माणसं माणसाच्या रंगाची दाखव."

दुसऱ्या खेळाला मी आम्ही कुणीच न पाहिलेला मराठी सिनेमा लावला. ह्यांना गोष्ट आधीच ठाऊक असली तर मला काय कळलं असतं? आवाज जास्त वाढवला नाही. मधलं खोकं ह्यांच्या बरोबर समोर ठेवलं. अक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांना सांगितलं, टरफलं पदरात टाका, फरशीवर नको.

सिनेमात एक नवरा होता. तो बायकोला फोनवर, अगदी हळू आवाजात, म्हणतो की मी अजून साताऱ्यातच आहे, रात्री काही येत नाही. फोन त्यानं तोंडापुढं धरलेला, ओठ दिसत नव्हते. मी पडद्याकडं पाहतच नव्हते. मी ह्यांच्याकडं पाहत होते. हे पुढं वाकले नाहीत. कपाळाला आठी नाही. नुसते बसले होते, मांडीवर टॉवेल घेऊन. थोड्या वेळानं तोच नवरा हॉटेलात एका माणसाला सांगतो की मी कालपासून पुण्यात आहे.

"खोटारडा!" हे एवढ्या मोठ्यानं ओरडले की अक्कांच्या पदरातली टरफलं सांडली. "आत्ताच बायकुला म्हणला सातारा! ऐकलंस न्हवं तू?"

"ऐकलं," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. तरी तो ह्यांना ऐकू गेला.

"आता बघ, ती बायको त्येला गाठणार. तिचा भाऊ हाय न्हवं, त्यो तिला सांगणार. अगं, त्यो हॉटेलवाला दिसतोय तसा न्हाय, त्यो ह्यांच्यातलाच हाय..."

"भावजी," अक्का म्हणाल्या, "आमास्नी ऐकू द्या की वाईच!"

पण हे थांबायला तयार नव्हते. पडद्यावर ती बायको आली, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. काय ते ह्यांच्या बडबडीत बुडून गेलं. ह्यांना मात्र ते कळलं, त्या दाराएवढ्या तोंडाच्या ओठांवरून कळलं असेल. हे बोलता बोलता थांबले आणि खो खो हसायला लागले. एकटेच हसत होते. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो.

"काय?" मी विचारलं. "काय म्हणाली ओ ती?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग अक्कांकडं पाहिलं. टॉवेलानं तोंड पुसलं आणि पुन्हा पडद्याकडं वळून बसले.

"काय न्हाय," म्हणाले.