मागच्या सीटवर नाना

फोन नानांच्या मुलीचा होता. मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण तसाच. "काका, नाना गेले पहाटे," एवढंच ती म्हणाली आणि मी म्हणालो, "बरं." बरं काय, मूर्खा! पण तोंडातून तेच निघालं. त्याला आता पाच आठवडे झाले. माणूस गेल्यावर सगळे गोड गोडच लिहितात, म्हणून मी आधीच सांगून टाकतो की सुखदेवनानांवर माझा पंचवीस वर्षांहून जास्त राग होता. तो राग मनात ठेवूनच मी त्यांना खांदा दिला.

नानांचं टायरचं दुकान कोल्हारला, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला. मी जवळच्याच साखर कारखान्यात फिटर होतो आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलच्या शर्यती खेळायचो. घरचे म्हणत, शेती सोडून हे काय खूळ! नाना तसं कधी म्हणाले नाहीत. माझी जुनी साडेतीनशे सीसीची गाडी त्यांनीच पायावर उभी केली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याकडच्या एका घाटात चढाईची शर्यत लागली होती आणि पहिल्या दोघांना एक कंपनी आपल्या संघात घेणार होती. माझं वय तिशीला टेकलेलं. पुन्हा अशी संधी येणार नाही, हे मला ठाऊक होतं. अडचण एकच होती. घाटातल्या वळणावर रस्ता धरून ठेवणारं मऊ रबराचं टायर माझ्या चाकाच्या मापात मिळत नव्हतं. परदेशी कंपनीने ते माप कधीच बंद केलं होतं. नगर झालं, पुणं झालं, सगळीकडे दुकानदार मान हलवायचे.

नानांची शोधायची तऱ्हा वेगळी. हवा भरायला थांबणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये ते आतल्या पत्र्यावर खडूने टायरचं माप लिहायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "जाशील तिथं इचार." दीड महिना असं चाललं. मग एके दुपारी कांद्याच्या ट्रकमधून गोणपाटात गुंडाळलेलं एक टायर उतरलं. कोल्हापूरकडच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर सापडलेलं. कोरं करकरीत, साच्यातून निघताना राहिलेले रबराचे केससुद्धा तसेच. मी नाचायचाच बाकी राहिलो होतो.

नाना मात्र ते मांडीवर घेऊन बसले. अंगठ्याचं नख रबरात रोवून पाहिलं, ते रुतेना. मग कडेचा भाग दोन्ही हातांनी वाकवून उन्हाकडे धरला. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. शेवटी टायर कधी बनलं ते सांगणारे कडेवरचे तीन आकडे त्यांनी थुंकी लावून पुसले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचा वर्षाचा. शेवटी चार होता.

"चौऱ्याण्णवचं आहे," मी म्हणालो. "दोनच वर्षं झाली."

"कशावरून? चौऱ्याऐंशीचं बी असंल की. माप बंद कदी झालं?"

 माप बंद होऊन नऊ-दहा वर्षं झाल्याचं मीच त्यांना सांगितलं होतं.

"पण नाना, हे पाऊलभरसुद्धा रस्त्यावर चाललेलं नाही."

"रबर उभं राहून बी म्हातारं हुतं. तापलं की आतले थर सुटत्यात. मी हे चढवनार न्हाई."

आमच्याकडे टायर म्हणजे बैलगाडीचं टायर. ट्रकवरून उतरलेलं, कुणाच्या तरी पडवीत दहा वर्षं पडलेलं, तेही आनंदाने घेतात. नक्षी शिल्लक आहे ना, मग नवंच की! बैल काही शंभरच्या वेगाने धावत नाहीत. मीही त्याच हिशेबात वाढलेला. नानांनी नाही म्हटल्यावर ते टायर मी उचलून घरी नेलं, आणि घोडेगावच्या बैलबाजाराला न्यायच्या आधी बैलगाडीच्या टायरला चोपडतात तसं रॉकेल चोपडलं. दोन दिवसांत ते काळंभोर, मऊ झालं. नगरला एकाकडून चढवून घेतलं आणि मोठ्या तोऱ्यात दुकानासमोर गाडी उभी केली.

नाना जवळ आले, वाकले, वास घेतला. त्यांचा चेहराच उतरला. "रॉकेलनं रबर फुगतं, ताकद जाती त्याची. लेका, हुतं ते बी घालवलंस." मी उलट बोललो. नको ते बोललो. तुम्हाला माझं पुढं जाणं बघवत नाही, इथपर्यंत गेलो...  नाना म्हणाले, "उद्या सकाळी ये. मला मागं बसव. घाटात जेवढी पळवनार तेवढी पळव. टायर टिकलं, तर जा खुशाल."

सकाळी ते दाराबाहेर उभेच होते. मी माझं हेल्मेट पुढे केलं. "तूच घाल," म्हणाले. प्रवरेचा पूल ओलांडला आणि राहुरीकडचा सरळ रस्ता लागला. साठ. सत्तर. नानांनी मला धरलंही नव्हतं, फक्त दोन बोटं माझ्या पट्ट्यात अडकवली होती. ऐंशीला ते कानाशी ओरडले, "एवढ्यावर जिकनार व्हय? वाढव!" मी वाढवली. नव्वदला मागून बारीक थरथर जाणवली. टायरची की रस्त्याची, देव जाणे. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता, आणि त्यांचं डोकं उघडं होतं. "वाढव!" नाना पुन्हा ओरडले. माझ्याने मूठ आणखी पिळवेना. मला भयंकर भीती वाटली, इतकी त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही. मी गाडी हळू करत कडेला घेतली आणि उतरून बाभळीखाली ओकलो.

 दुकानात आल्यावर त्यांनी ते टायर उतरवलं आणि करवतीच्या पात्याने तुकडे तुकडे केले, बैलगाडीवाल्यालाही उपयोगी पडू नयेत असे. ते टिकलं असतं की फुटलं असतं, हे कळायची सोयच त्यांनी ठेवली नाही. मी साध्या टायरवर घाटात गेलो, वळणावळणाला घसरलो, सातवा आलो आणि शर्यती सोडल्या. दुकानात जाणंयेणं राहिलं, चहा राहिला. पण मनात एकच... त्या माणसाने नाटक करून मला घाबरवलं. मागे बसून घाबरवलं, आणि माझं आयुष्य फिटरच्या पान्यावर आणून ठेवलं.

परवा काकींना, म्हणजे नानांच्या पत्नीला भेटायला गेलो होतो. दुकान बंदच आहे. आत रबराचा वास तसाच, आणि गल्ल्यामागच्या खिळ्याला नानांचं मनगटी घड्याळ टांगलेलं. मी म्हणालो, "घड्याळ हातात घालत नव्हते का नाना?"

"कामाला बसले की काडून त्या खिळ्याला लावायचे, घरी येताना घालायचे. ते गेल्यावर मीच पुन्यांदा तितं लावलंय," काकी म्हणाल्या. "घरी ठिवून गेले असं कदी झालं न्हाई. येकदाच, लई वर्सांमागं, सकाळी सकाळी माझ्या हातात दिलं. म्हनले, ठिव, पोरीला हुईल. मी म्हनलं, आसं काय बोलताय येरवाळी? तर म्हनले, येकाला गाडीवर सोबत करायची हाय. दोन तासांनी आले, घड्याळ मागून घेतलं. कुनाला सोबत केली ते काय बोलले न्हाईत."

मी खाली बघत चहा प्यायलो. काकींना तेव्हा सांगणं जमलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. काकी, तो मी होतो. टायर फुटणार याची नानांना खात्री होती, आणि तरीही ते बसले.