चाखणं म्हणजे खाणं नव्हे

आमच्या बेकरीत भट्टी ताईची आणि काउंटर माझं. ही वाटणी बाबांनी केली, मला न विचारता. ताई पावाचा तुकडा जिभेवर ठेवून सांगायची, मीठ चिमूटभर कमी, पीठ जरा जास्तच फुगलंय, आणि बाबा मान डोलवायचे. मी काही सांगायला गेले की म्हणायचे, "तू गिऱ्हाइकाला सुटे दे." बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण माझा जळफळाट काही गेला नाही. मी तो लपवते असंही नाही. ताईला दिसत नाही, कारण तिचं सगळं लक्ष भट्टीत.

पीसीओडी मात्र दोघींना सारखा मिळाला. वाटणीत तेवढी एकच गोष्ट समसमान आली. माझ्या हनुवटीवर केस यायचे आणि पाळी मनाला येईल तेव्हा. ताईची तर चार-चार महिने यायची नाही, आणि तिला मूल हवं होतं. छत्तिसावं लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघींना एकदमच समोर बसवलं. पाव, बटाटा, साखर बंद. अंडी, मासे, पालेभाज्या चालू. तोंडात जाईल ते वहीत लिहायचं. "तीन महिने मनापासून करा," त्या ताईला म्हणाल्या. "पाळी रुळावर आली तर उत्तमच. नाहीतर इंजेक्शनं, आणि त्यांचीही खात्री मी देत नाही."

ताई शब्दाची पक्की. भट्टीपाशी उभी राहून उकडलेली अंडी गिळायची. भावजींनी तर घरातली साखरेची बरणी शेजारी देऊन टाकली. तरी वजनकाटा ढिम्म हलेना. माझं मात्र महिन्याभरात चार किलो उतरलं, पाळी तारखेला हजर. गिऱ्हाइकं विचारू लागली, काय करतेस गं? जन्मात पहिल्यांदा ताई माझ्याकडे चोरून बघू लागली. "तुझं बरं आहे बाई," एकदा म्हणाली. त्या वाक्यावर मी दोन दिवस तरंगत होते.

खरं काय ते मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. काउंटरमागच्या खिडकीतून भट्टी दिसते. प्रत्येक घाणा बाहेर आला की ताई एक पाव मोडायची, मधला मऊ तुकडा तोंडात टाकायची, डोळे मिटून चावायची आणि गिळायची. वीस वर्षांची सवय, हात आपोआप जायचा. वहीत ती ओळ कधीच नसायची. ती खोटं लिहीत नव्हती हो. बाबांनीच शिकवलं होतं ना, चाखणं म्हणजे खाणं नव्हे, ते काम. मी मोजले. दिवसाला अकरा तुकडे. खिडकीतून एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी सुटे देत राहिले.

सातव्या आठवड्यात एका दुपारी ताई कोठारात पिठाच्या पोत्यावर बसलेली दिसली. वही मांडीवर.

"माझ्यातच काहीतरी खोट आहे गं," ती म्हणाली. "तू खातेस तेच मी खाते. आज ह्यांना सांगून टाकते, मुलाचा नाद सोडू या."

मी जिंकले होते, आणि तोंड कडू पडलं. मला तिची भट्टी हवी होती, हे नको होतं. मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि वहीत लिहिलं, 'पावाचे तुकडे, रोज अकरा.'

ताईने वाचलं. पुन्हा वाचलं.

"अकरा," ती म्हणाली. "म्हणजे मोजत होतीस."

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

तिने पेन परत घेतलं, अकरा खोडून बारा केले. "पहिला घाणा तू यायच्या आधी निघतो," एवढंच बोलली. तिने माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन महिन्यांतले पाच आठवडे मी तिचे खाल्ले होते, आणि ते कुठल्याच वहीत लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या घाण्याच्या आधी पोचले. ताईने पाव मोडला आणि तुकडा माझ्यापुढे धरला.

"चव बघ आणि थुंकून टाक. तुलाही बंद आहे."

ह्या तुकड्यासाठी मी आयुष्यभर ताटकळले होते. डोळे मिटून चावला, थुंकला, आणि ठासून सांगितलं, "मीठ कमी आहे."

ताईने उरलेला पाव तोंडाला लावला नाही. उजेडात धरला, मध्ये अंगठ्याने दाबला.

"मीठ कमी असतं तर वरून फिका राहिला असता," ती म्हणाली. "पाणी जास्त झालंय."

मी बोट लावून पाहिलं. पाव आतून चिकट होता. म्हणजे तिला चाखायची गरजच नव्हती. मी तेव्हाच हाक मारली असती तरी भट्टीचं काही अडलं नसतं. आणि शपथेवर सांगते, त्या क्षणीही मला आधी तिचा हेवाच वाटला. लाज त्यानंतर वाटली.