शाखा समाप्त

पुण्याहून चुलतकाकांनी आमच्या कुलवृत्तांताचं प्रूफ पाठवलं आणि माझं डोकंच फिरलं. घराण्याच्या सगळ्या पिढ्यांची नोंद असलेलं हे पुस्तक रविवारी छापायला जाणार होतं. त्यात बाबांच्या नावाखाली दोनच शब्द होते: शाखा समाप्त. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. पण मी, त्यांची एकुलती एक मुलगी, इथे आयर्लंडमधल्या ल्यूकनमध्ये धडधडीत जिवंत होते!

घरात बसवेना. दोनदा चहा केला, दोन्हीदा ओतून दिला. शेवटी शेजारच्या आजोबांकडे गेले. पूर्वी बस चालवायचे, आता निवृत्त. त्यांचं आडनाव फ्रेंच, आणि त्याचा माग काढायचं त्यांना वेडच लागलंय. जुन्या वॉलपेपरच्या पाठीवर काढलेला तक्ता त्यांनी टेबलावर पसरला. धर्मापायी छळ झाला म्हणून फ्रान्समधून पळालेला एक विणकर डब्लिनला उतरला. पुढे मुलं किलकेनीला, नातवंडं मलिंगारला. मग मात्र बाकीच्या रेघा थांबत होत्या आणि एकाच चौकोनातून पुन्हा फुटत होत्या.

"हा कोण?" मी विचारलं.

"हा नाही, ही. भाऊ सगळे गेले. हिचं लग्न झालं नव्हतं, पण मुलगा झाला, आणि त्याला हिचंच आडनाव लागलं. आज या देशात आम्ही जेवढे आहोत ते सगळे हिचे." ते हसले. "ग्रँड बाई असणार!"

त्यांच्या अंगणातूनच मी काकांना फोन लावला. "काका, मी मेले का? कोणी लिहिलं हे? बाबा असते तर त्यांनी तुम्हाला सोडलं नसतं!"

काकांनी कागद चाळल्याचा आवाज आला. "अगं, फॉर्म तुझ्या बाबांनीच भरला होता. थांब, पाठवतो."

फोटो आला. तेच तिरकं, निळ्या शाईतलं अक्षर. लाडवांच्या प्रत्येक डब्यावर माझा इथला पत्ता याच अक्षरात यायचा. 'मुलगे: नाहीत. शाखा समाप्त.' मला रडू आलं, आणि रागही इतका आला की अंगणात उभं राहवेना. भांडायला आता समोर कोणीच नव्हतं.

"त्यांनी स्वतः लिहिलंय गं," काका म्हणत होते. "मी कसं बदलू?"

"तुम्ही नका बदलू," मी म्हटलं. "कोरा फॉर्म पाठवा. बाबांचा मी भरते."