कादंबऱ्यांशेजारचा प्लग

आमच्या कर्वेनगरातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई मोजकंच बोलतात. पुस्तक उशिरा परत केलं तर "आवडलेलं दिसतंय," एवढंच म्हणतात.

वाचक आटले आणि वाचनालय बंद पडायची वेळ आली, तेव्हा बाईंनी अर्धा हॉल स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अभ्यासिका म्हणून दिला. "आता हे वाचनालय राहिलं नाही," असं आम्ही जुने सभासद कुरकुरलो. मोबाइल चार्ज करायचा एकुलता एक प्लग मात्र बाईंनी कादंबऱ्यांच्या कपाटाशेजारी बसवून घेतला.

काल तिथे एक मुलगी उभ्या उभ्या कादंबरी वाचत होती. मला फार बरं वाटलं. न राहवून म्हणालो, "अगं, फोन केव्हाच चार्ज झालाय तुझा."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, बोलू नका. वाचनालय आहे हे."