उष्टावणाआधीचा चमचा

लालबागच्या त्या चाळीत कुणाकडे पाळणा हलला, की बारशाच्या घुगऱ्या खाता खाताच कुणीतरी ललिताबाईंना सांगून ठेवायचं, "मावशी, आमच्या बाळाचं सत्त्व तुमच्याच हातचं हां!" ललिताबाई वरवर म्हणायच्या, "बाजारात डबे मिळतत गो आता. माझ्या मागे कित्याक लागतास?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाचणी निवडायला बसायच्या. त्यांचं 'नाही' ऐकून आजवर कुणी परत गेलेलं नव्हतं.

ललिताबाई देवगडकडच्या. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा एका खोलीत सासू, दीर, नणंद असं भरलं घर होतं आणि नवरा गुणाजी गिरणीत होता. पुढं गिरणी बंद पडली, काही वर्षांनी गुणाजीही गेला, मुलगा दीपक शिकून नोकरीला लागला, शेजारची खोली घेऊन मधली भिंत पाडली. एवढं सगळं इकडचं तिकडं झालं, पण ललिताबाईंचं सत्त्व जसं होतं तसं राहिलं. नाचणी स्वच्छ धुऊन भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, गॅलरीत ऊन येणार नाही अशा कोपऱ्यात जुन्या धोतरावर पसरायची, मग मंद आचेवर भाजायची, दळायची आणि मलमलीच्या तुकड्यातून गाळायची. गाळताना त्या कुणाशी बोलत नसत. शेजारची अंबिका हसायची, "पूजेक बसल्यासारखी बसता ही!" चाळीतली निम्मी पोरं त्या सत्त्वावर पोसली होती. त्यातल्या मिशा फुटलेल्यांनाही ललिताबाई चारचौघांत ऐकवायच्या, "माझ्या चमच्यावर वाढलास तू," आणि ते बिचारे मान खाली घालून जिना उतरायचे.

तेव्हा स्वतःला नातू झाल्यावर या बाईचं काय झालं असेल, ते सांगायला नको. शार्दूल जेमतेम मान धरू लागला होता, तोच सत्त्वाचा डबा भरून फळीवर तयार होता.

सून क्षितिजा गिरगावातली. बोलणं नीटस, काम नीटस, स्वभाव मऊ पण शब्दाची पक्की. सुनेशी बोलताना ललिताबाई आपली मालवणी गिळून जपून शुद्ध बोलायच्या. डॉक्टरांनी क्षितिजाला बजावलं होतं, सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. तिनं ते घरात सगळ्यांना एकदा सांगितलं आणि ललिताबाईंना दोनदा. ती दुसरी वेळ ललिताबाईंना जरा लागलीच. फळीवरच्या डब्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मला काय कळत नाही होय?"

बाळंतपणाआधीच डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितल्यामुळे क्षितिजाची अर्धीअधिक रजा तेव्हाच संपली होती. त्यामुळे शार्दूलचा पाचवा महिना लागतो न लागतो तोच तिला कामावर जावं लागलं. परळच्या एका काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस. तिथं कागदाचे गठ्ठे ठेवायच्या खोलीत दार लावून, पंपानं दूध काढून, बाटलीत भरून, बर्फाच्या पिशवीतून ती ते घरी आणायची. दुसऱ्या दिवशी ललिताबाईंनी ते वाटीत घेऊन गरम पाण्यात कोमट करायचं आणि चमच्यानं पाजायचं, असं ठरलं होतं.

ठरलं खरं, पण शार्दूलला ते कुणी विचारलं नव्हतं. पहिल्याच दुपारी त्यानं पहिला चमचा थुंकला, दुसरा ललिताबाईंच्या पदरावर सांडला आणि मग असा टाहो फोडला की गॅलरीतल्या बाया दारात जमल्या. आईची कूस नाही, आईचा वास नाही, नुसतं वाटीतलं दूध. त्याला ते नको होतं. ललिताबाईंनी खांद्यावर घेतलं, गॅलरीत फिरवलं, कावळा दाखवला, पुन्हा चमचा लावला. पोर निळंजांभळं व्हायला लागलं. अंबिका म्हणाली, "भुकेजलो हा गो तो. तुझ्या सत्त्वाचा काय लोणचा घालतलंस?"

बोटाला लागेल एवढंच, असं म्हणत ललिताबाईंनी फळीवरचा डबा काढला. थंड पाण्यात कालवून, मंद आचेवर ढवळून, चकाकी आल्यावर उतरवलं, पातळ केलं. सवयीनं त्यांनी चमचा वाटीच्या कडेवर टकटक वाजवला आणि म्हणाल्या, "आ कर, राजा." शार्दूलनं जीभ फिरवली, क्षणभर विचारात पडला आणि आणखी मागितलं. थोड्या वेळानं तो त्यांच्या मांडीवर शांत झोपला होता. शेजारी दुधाची वाटी तशीच भरलेली होती.

संध्याकाळी क्षितिजा आली ती चपला न काढताच विचारत आली, "आई, प्यायला का हो?" दिवसभराच्या धास्तीनं तिचा चेहरा एवढासा झाला होता. ललिताबाईंच्या तोंडून निघून गेलं, "प्यायला की. सगळं प्यायला." तो चेहरा असा उजळला, की दूध आपण मोरीत ओतलंय हे त्यांना त्यानंतर सांगवेना.

सुनेवरच्या दयेपोटी खोटं बोललो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दया होतीच. पण त्या दयेच्या तळाशी आणखी काहीतरी होतं आणि ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. नातवानं आईचं दूध थुंकलं होतं आणि आपल्या हातचं मागून घेतलं होतं. त्या दुपारी तो झोपल्यावर त्यांना आनंद झाला होता. मन भरून आनंद झाला होता. पुढं आठवलं, की कानशिलं तापायची ती त्या आनंदाच्या लाजेनं.

दुसऱ्या दुपारी त्यांनी आधी दूध लावून पाहिलं. तिसऱ्या दुपारी लावल्यासारखं केलं. मग तेही सुटलं. टकटक वाजली की शार्दूल आपणहून तोंड उघडायचा आणि फ्रिजमधलं दूध मोरीत जायचं. ओतताना त्या नळ मोठा सोडायच्या आणि तोंड भिंतीकडे करायच्या.

क्षितिजाला वाटलं, बाटल्या रोज रिकाम्या होतात, म्हणजे लेकरू उपाशी राहत असणार. तिनं पहाटेचा गजर लावला. सगळी चाळ झोपलेली असताना ती उठून पंप घेऊन बसायची, मग ऑफिसात दोनाऐवजी तीन वेळा त्या कागदांच्या खोलीत जायची. साहेबांची बोलणी खाल्ली. छातीत गाठ धरली, ताप आला, तरी गरम पाण्याच्या फडक्यानं शेकत तिनं पंप सोडला नाही. दीपक वैतागून म्हणाला, "अगं, पुरे कर ना. पावडर देऊ." ती म्हणाली, "एवढे दिवस काढले. आता महिन्यासाठी कशाला?"

हे बोलणं चाललं होतं तेव्हा ललिताबाई ओट्यापाशी अळिवाचे लाडू वळत होत्या. सुनेला दूध भरपूर यावं म्हणून. नारळ ताजा, गूळ चांगला, अळीव नीट भिजवलेला. कुणाला हसू यावं अशीच गोष्ट आहे: एका हातानं दूध वाढवायचं आणि दुसऱ्या हातानं ओतायचं. ललिताबाईंना मात्र हसू येत नव्हतं. लाडू हातात फुटत होता, पुन्हा वळत होत्या, पुन्हा फुटत होता.

"आई, आज कमी निघालं," क्षितिजा एकदा बाटली उजेडात धरून म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "पुरेल ना त्याला?"

"पुरेल," ललिताबाई म्हणाल्या. त्यांना खरंच सांगायचं होतं. पण काल सांगितलं नाही म्हणून आज सांगणं अवघड आणि आज नाही म्हणून उद्या त्याहून अवघड, असं होत गेलं. शेवटी त्यांनी उष्टावणाचा आधार धरला. एकदा मामानं घास भरवला, की सत्त्व उघड सुरू होईल, दूध आपोआप कमी होईल, कुणाला काही कळायचं नाही. दिवा लावताना त्या देवापुढं एवढंच मागायच्या, की उष्टावण लवकर येऊ दे. देवाला तोंड दाखवायचीही लाज वाटत होती, म्हणून मागताना डोळे मिटून घ्यायच्या.

आणि उष्टावण आलं. रविवार होता. क्षितिजाचा भाऊ हर्षवर्धन गिरगावाहून चांदीची वाटी-चमचा घेऊन आला. बाळाला पहिला घास मामानं भरवायचा, ही रीत. ललिताबाईंनी तांदळाची खीर केली होती. पाट मांडला, रांगोळी काढली, गॅलरीतल्या बाया दारात उभ्या राहिल्या. क्षितिजा कितीतरी दिवस एका गोष्टीची वाट बघत होती: पहिल्या घासाला बाळ कसं तोंड करतं ते. तिनं दीपकला फोन धरून समोरच बसवलं होतं. "पहिलाच चेहरा हं, दीपक. चुकवू नकोस. पुन्हा यायचा नाही तो."

शार्दूल मामाच्या मांडीवर बसला होता, नव्या झबल्यात, कपाळाला तीट. हर्षवर्धननं खीर ढवळली. जास्तीची खीर झटकायला त्यानं चमचा वाटीच्या कडेवर आपटला. टक, टक.

शार्दूलनं मामाकडे पाहिलंच नाही. त्यानं मान वळवली, दारातल्या बायांवरून, बापावरून, आईवरून नजर फिरवली, ओट्यापाशी उभ्या असलेल्या ललिताबाई त्याला सापडल्या आणि त्यांच्याकडे बघत त्यानं हा एवढा मोठा 'आ' केला. हात हलवले. पाय झाडले. मग हर्षवर्धननं त्या उघड्या तोंडात चमचा घातला, तेव्हा खीर सफाईनं गिळून त्यानं पुन्हा ललिताबाईंकडेच 'आ' केला.

सगळे खळखळून हसले. अंबिका हसली नाही. तिनं हळूच गॅलरीत पाहिलं. हर्षवर्धन म्हणाला, "अरे, हा तर पट्टीचा खवय्या! ह्याला सवय आहे की काय?"

ललिताबाईंनी ओट्याची कड धरली. क्षितिजा त्यांच्याकडे बघत होती. नुसतं बघत होती. मग ती भावाकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मीच चाखवलं होतं परवा. राहवलं नाही मला."

"हात् तिच्या! मामाचा मान खाल्लास," हर्षवर्धन म्हणाला आणि पुन्हा हशा झाला. त्या हशात ललिताबाईंना वाटलं, सुनेनं चारचौघांत खडसावलं असतं तर बरं झालं असतं. तोंडात मारली असती तरी सोसलं असतं. हे सोसवत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर क्षितिजा स्वयंपाकघरात आली. दीपक शार्दूलला घेऊन गॅलरीत होता.

"कधीपासून, आई?"

"तू कामावर गेलीस... तेव्हापासून."

"पहिल्या दिवसापासून?"

ललिताबाईंनी मान हलवली.

क्षितिजाला काहीतरी उमगलं आणि तिचा आवाज अगदी खाली गेला. "आणि दूध?"

एवढी वर्षं सुनेपुढं जपलेली शुद्ध भाषा ललिताबाईंच्या जिभेवरून गळून पडली. "मोरीत ओतलंय गो मिया," त्या म्हणाल्या. "रोज ओतलंय."

क्षितिजानं मोरीकडे पाहिलं. तिचा हात नकळत छातीशी गेला, गाठ आली होती त्या बाजूला. ती ओरडली नाही. फक्त विचारलं, "मग लाडू कशाला करत होता, आई?"

ललिताबाई पदर तोंडात धरून उभ्या राहिल्या. क्षितिजा बाहेर निघून गेली.

सोमवारी ती बाळाला घेऊन जाईल, पाळणाघरात ठेवेल, अशी ललिताबाईंची खात्री होती. त्यांनी त्याची दुपटी घडी करून ठेवली होती, लागली तर हाताशी असावी म्हणून. पण सकाळी क्षितिजानं नेहमीसारखं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. विश्वासानं दिलं की दुसरी सोय नव्हती म्हणून, हे विचारायचं तोंड ललिताबाईंना उरलं नव्हतं. दारात थांबून ती म्हणाली, "आधी दूध, मग सत्त्व. प्यायला नाही तर नाही. फक्त उरेल ते ओतू नका. तसंच ठेवा. मला दिसू दे."

त्या दुपारी ललिताबाईंनी चमचा वाजवला नाही. शार्दूलनं दूध थोडं घेतलं, बरंचसं नाकारलं, मग सत्त्व खाऊन झोपला. उरलेलं दूध वाटीत ओट्यावर राहिलं. अर्ध्याहून जास्त. ललिताबाईंचा हात सवयीनं दोनदा वाटीकडे गेला आणि दोनदा मागं आला. वर ताटली झाकायचाही धीर झाला नाही. लपवल्यासारखं झालं असतं. येताजाता ती वाटी दिसत राहिली.

संध्याकाळी क्षितिजा आली. चपला काढल्या, हात धुतले, वाटी पाहिली. उष्टं दूध पुन्हा देता येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिनं वाटी उचलली, मोरीपाशी गेली आणि उभी राहिली. किती वेळ तरी नुसती उभी राहिली. मग तिनं नळ न सोडता वाटी हळूहळू कलती केली. दगडावरून ती पांढरी धार जाळीपर्यंत गेली. क्षितिजाचे खांदे एकदा हलले.

ललिताबाईंनी ते दूध इतक्या वेळा ओतलं होतं. ओतलेलं आजच पहिल्यांदा पाहिलं. त्या पुढं झाल्या, सुनेच्या हातातून रिकामी वाटी घेतली आणि घासायला बसल्या.