गुरुवारचा रविवार

पाच खेड्यांतली चर्च माझ्याकडे आहेत आणि रविवार एकच, म्हणून शेवटच्या गावाचा रविवार गुरुवारी येतो. तिथं मंडळी म्हणजे एकट्या सगुणाबाई. तरी त्या दर गुरुवारी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून, चर्च झाडून बसायच्या. मागच्या खेपेला म्हणाल्या, "पाळकसाहेब, मला गुरुवारीच मरायला पाहिजे." मी हसलो होतो.

आज दाराला कुलूप होतं आणि पायरीवर आठवड्याचा पाला. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाई शुक्रवारीच गेल्या. आम्हीच माती दिली. तुमची प्रार्थना आम्हाला येईना, मग नुसते उभे राहिलो."

"मला कळवलं का नाही?"

"तुम्ही गुरुवारी येता ना."

देवाचा वार मी माझ्या सोयीनं हलवला आणि गावानं तो खरा धरला. शुक्रवारी मी दिवसभर घरीच होतो.